पेठेचे हात

हे वाचताना घाई करू नका. खुर्चीत, ओट्यावर, जमिनीवर, जिथे असाल तिथे पाठ टेकवा आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवा. डोळे मिटायची गरज नाही. कुठलीही मूर्ती मनात आणायची नाही, कुठलाही मंत्र घोकायचा नाही. एका गावातल्या रोजच्या कामांकडे बघायचं आहे, एकेका कामापाशी थांबून. हात उताणे ठेवा म्हटलं ते एवढ्यासाठीच. या मननात त्यांना बरंच काही करायचं आहे.

गाव जालना. काळ एकोणिसाव्या शतकाची पहिली पंचवीस-तीस वर्षं. उभं राहायची जागा मस्तगड.

कुंडलिका नदी जालन्याचे दोन भाग करते. शहराच्या पूर्वेला ही गढी. पहिल्या निजामाच्या, आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानानं ती १७२५ मध्ये बांधली. बांधकामाचं साल सांगणारा फारसी शिलालेख आत आहे. एक मोठी, विलक्षण बांधणीची विहीर आहे. तिच्या पोटात सज्जे आणि दालनं काढलेली आहेत. पुढच्या काळात नगरपालिकेचा कारभारही याच वास्तूतून चालला. म्हणजे शे-दोनशे वर्षं इथे कोणी ना कोणी जालन्याची मोजदाद करत बसलेलं होतं. महसूल, जकात, घरपट्टी, पाणीपट्टी.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावला दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेला शिंद्यांचा जो मुलूख होता तो कंपनीला द्यायचं ठरलं, आणि त्यात जालनापूरचा किल्ला आणि परगणा नावानिशी नोंदला गेला. लगेच पुढच्या वर्षी कंपनीनं तो निजामाच्या हवाली केला. किल्ला आणि परगणा, एवढे दोनच शब्द. साळी, रंगारी, तेली, बागवान, सराफ, भिस्ती, दळण दळणाऱ्या बाया आणि नदीवर धुणं आपटणारे परीट, सगळे त्या दोन शब्दांत बसवले गेले आणि वर्षभरात दोनदा या हातातून त्या हातात दिले गेले. त्या दिवशी त्यांतला प्रत्येक जण काहीतरी करत होता. तो काय करत होता, याचं आज मनन करू.

आधी आवाज कमी करायचे. एकेक करून.

रस्त्यावरची वाहनं काढून टाका. औद्योगिक वसाहतीतल्या सळ्यांच्या कारखान्यांची घरघर काढा. आगगाडी काढा, ती इथे १९०० च्या सुमाराला आली. सरकी काढणाऱ्या गिरण्या काढा, पिठाची गिरणी काढा. छावणीतला बिगुलही काढा. छावणीच्या इमारती १८२७ मधल्या. प्रत्येक आवाज काढल्यावर एक श्वास सावकाश सोडा. आता काय ऐकू येतं?

जातं.

उजाडायला अजून बराच वेळ आहे. एका घरात नाही, गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात ते फिरतं आहे. तुमचा उजवा हात जात्याच्या खुंट्यावर आहे असं समजा. समोर दुसरी बाई असेल तर तिचाही एक हात त्याच खुंट्यावर. डावा हात अधूनमधून सुपातली मूठभर ज्वारी तोंडात सोडतो. खांदा पुढे जातो, कंबर मागे येते, पाळीवरून पीठ झरतं. सगळ्या घराच्या दिवसभराच्या भाकरींचं पीठ व्हायला किती फेरे लागत असतील? मोजू नका. फक्त खांद्यात ते जरासं जाणवू द्या.

या कामाला बलुतं नव्हतं. यावर जकात नव्हती, याचा पट्टा नव्हता, सनद नव्हती. म्हणून मस्तगडात ठेवलेल्या कुठल्याही दप्तरात ते नव्हतं. हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

चूल पेटवायची तर काडेपेटी नाही. रात्री राखेखाली दडपून ठेवलेला निखारा उकरायचा. विझला असेल तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचं आणि विस्तव मागून आणायचा. शेजाऱ्याशी अबोला धरणं त्या काळात किती अवघड असेल, याचा मी कधीकधी विचार करते. ज्याच्याकडून उद्या पहाटे विस्तव आणायचा आहे, त्याच्याशी आजचं भांडण रात्रीच्या आत मिटवावं लागे.

आता पाण्याकडे या. इथे जास्त वेळ थांबायचं आहे.

जालन्याला पाण्याची फार जुनी व्यवस्था होती. मलिक अंबरच्या काळात इथला कारभार पाहणाऱ्या जमशेदखानानं काळी मशीद, हमामखाना आणि सराई बांधली, आणि पश्चिमेकडच्या मोती तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून गावातल्या हौदांपर्यंत आणलं. एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा त्या कामाला दोनशे वर्षं होत आली होती. भिस्ती पखाल भरून खांद्यावर टाकत, घरोघरी रिती करत. आणि गावाच्या कडेला बागा होत्या. जालन्याच्या बागांची फळं पुढे हैदराबाद-मुंबईपर्यंत जात. त्या बागांना पाणी विहिरीचं, आणि विहिरीतून पाणी काढायचं ते मोटेनं.

मोट डोळ्यांपुढे आणा. बैलजोडी धावेवरून खाली उतरते आहे, नाडा ताणला गेला आहे, चाक कुरकुरतं आहे. कातड्याची भली मोठी मोट विहिरीच्या काठावर येते, सोंदूर ओढला जातो, पाणी थारोळ्यात धबधबा पडतं आणि पाटानं निघून जातं. बैल मागे सरकतात. पुन्हा. बागवानाची सगळी सकाळ या खाली-वर जाण्यात जाते.

श्वास आत घ्या, मोट भरते. श्वास सोडा, मोट रिती होते. थोडा वेळ एवढंच चालू द्या.

आता त्या मोटेच्या कातड्याकडे बघा. ते कोणी कमावलं? ढोरानं. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेणारा महार, ते कातडं बाभळीच्या सालीत आणि तरवडात भिजत घालून दिवसेंदिवस त्याची घाण अंगावर घेणारा ढोर, ते शिवणारा चांभार. नाडा कोणी वळला? मांगानं, अंबाडीच्या वाखाचे पदर मांडीवर वळून वळून. मोट, नाडा, सोंदूर, पाण्याला प्रत्यक्ष लागणारी प्रत्येक वस्तू या माणसांच्या हातची होती. त्यांच्या हातचं कातडं विहिरीच्या तळापर्यंत जाऊन येई. ते स्वतः मात्र त्या विहिरीच्या काठाला शिवू शकत नव्हते. गावोगावी, कसब्याकसब्यात हीच रीत होती. रिकामं मडकं घेऊन ते लांब उभे राहत आणि कोणीतरी वरून ओतण्याची वाट बघत.

इथून घाईनं पुढे जाऊ नका. जुन्या पेठेचं चित्र रंगवताना आपल्याला बलुतेदारीचं फार कौतुक वाटतं. प्रत्येकाला काम, प्रत्येकाच्या कामाला धान्य, कोणी उपाशी नाही. हे काही अंशी खरंही आहे. पण ज्या नाड्यानं पाणी वर आलं तो वळणाऱ्याला ओंजळभर पाण्यासाठी ताटकळत ठेवणारी व्यवस्थाही तीच होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येतात का ते पाहा. एकीनं दुसरी पुसू देऊ नका. मला हे फार वेळ जमत नाही, राग येतो. राग आला तर येऊ द्या, त्यालाही बसायला जागा आहे.

उन्हं चढली. पेठ उघडते आहे.

गावाला कोट होता, वेशी होत्या. मूर्ती दरवाजा, हैदराबाद दरवाजा ही नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. वेशीवर जकातीचा माणूस. लमाणांचा तांडा आला की नायक पुढे होऊन हिशेब करायचा. बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांत कोकणातून घाट चढून आलेलं मीठ असायचं, जाताना त्याच पाठीवर धान्य जायचं. चाकाच्या गाड्यांना रस्ते नव्हते तेव्हा दख्खनेत माल फिरत होता तो या बैलांच्या पाठीवरून, आणि फौजाही जगत होत्या त्यांच्याच धान्यावर. धान्याच्या राशीपाशी मापारी पायलीनं मोजतो आहे. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, आणि मग ‘दोन’वर येतो. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी.

सराफाच्या ओट्यावर चांदवडी, अंकुशी, गोविंदबक्षी असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये पडलेले. प्रत्येकाची चांदी वेगळी, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. शेतकऱ्यानं एका नाण्यात विकायचं आणि सारा दुसऱ्या नाण्यात भरायचा, म्हणजे मधल्या मध्ये थोडी झीज ठरलेली. ती झीज कोणाच्या ओट्यावर जमा होते हे पाहून घ्या आणि पुढे चला. तांबटाच्या आळीतली ठोक, भडभुंज्याच्या भट्टीतले फुटाणे, अत्ताराच्या दुकानातली ओवा-सुंठ, तेल्याच्या घाण्यावर डोळ्यांना झापडं बांधून फिरणारा बैल आणि त्यातून निघणारं करडईचं तेल, या सगळ्यांवरून नजर सावकाश फिरू द्या. बोलणं मराठीत, दखनीत, मारवाडीत, तेलुगूत. एकीकडून बांग, एकीकडून आनंदी स्वामींच्या मंदिरातला टाळ. ते मंदिर महादजी शिंद्यांनी बांधलं असं सांगतात; आषाढीला तिथे यात्रा भरते.

‘जालना सोने का पालना’ म्हणतात ते या पेठेमुळे. पाळण्याची दोरी कोणी वळली हा प्रश्न आपण पाण्यापाशी विचारून आलो आहोत. आता पाळण्यात घालायच्या कापडाकडे जाऊ. जालना हे गावाचं नावच जुलाह्यावरून, एका धनवान मुसलमान विणकर व्यापाऱ्यावरून पडलं अशी आख्यायिका आहे.

तुमच्या अंगावर या क्षणी जे सुती कापड असेल त्याची कड दोन बोटांत धरा. सोडू नका. पुढचा सगळा भाग ती धरूनच वाचा.

एक लुगडं घेऊ. आलाच्या मुळीनं लाल रंगवलेल्या काठांचं, साध्या निळ्या अंगाचं, कुणब्याच्या बायकोनं दिवाळीला घ्यावं असं. आपण त्याच्याकडे उलट्या दिशेनं जाऊ. दुकानात ते घडी घालून ठेवलं आहे. त्याआधी ते सुताच्या रूपात निळाऱ्याच्या रांजणात होतं. निळीच्या रांजणातून सूत बाहेर येतं तेव्हा ते निळं नसतं, हिरवट-पिवळं असतं. हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. निळाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे, आणि ते धुऊन जात नाहीत. रंगारी आलाची मुळी कुटून उकळतो आहे, तुरटीच्या पाण्यात सूत बुडवतो आहे. कुंडलिकेच्या काठावर ते धुतलं, वाळवलं जातं.

तिथून रंगलेलं सूत येतं साळ्याच्या घरी. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो बसला आहे. धोटा उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. फणी ठोकली की एक धागा आत. एका धाग्यानं लुगडं किती वाढतं? बोटातली कड जवळ आणून बघा. जेवढा एक धागा जाड, तेवढंच.

पण एकटा साळी माग चालवत नाही. सकाळी गल्लीत खुंट्या ठोकून ताणा पसरला जातो, त्याला खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचा, तुटलेला धागा शोधून सांधायचा. हे पांजण घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचं, ऊन फार तापायच्या आत. बाई, म्हातारी, लहान पोरं सगळी ताण्याच्या दोन्ही बाजूंनी चालत असतात. मुलगी कांड्या भरते. विणणारा एक दिसतो, कापड घरदार विणतं.

आणखी मागे या. साळ्याकडे सूत कुठून आलं?

इथे आता अगदी सावकाश.

शेतातून कापूस आला. बाईनं रेच्यात घालून सरकी वेगळी केली. पिंजारी आला, त्यानं धनुकलीची तात मोगरीनं छेडली आणि घरभर कापसाचे बारीक तंतू उडाले. पिंजलेल्या कापसाचे पेळू वळले. मग एक बाई चरखा घेऊन बसली. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत पेळू हलका धरला, उजव्या हातानं चाक फिरवलं, डावा हात मागे मागे नेला आणि चातीच्या टोकापासून धागा निघाला. हात जिथवर लांबतो तिथवर धागा. मग तो चातीवर गुंडाळायचा. पुन्हा हात पुढे, पुन्हा मागे.

मांडीवरचा तुमचा डावा हात उचला. अंगठा आणि तर्जनी जुळवा, मधे फार दाबू नका. हात हळूहळू मागे न्या, लांबेल तेवढा. थांबा. परत आणा. असं थोडा वेळ करा. लाज वाटली तर दार लावून करा, पण करा.

एका मागाला सूत पुरवायला कितीतरी चरखे चालावे लागत. साळ्याची आळी एक, पण त्या आळीला सूत देणारे हात अवघ्या गावात आणि भोवतालच्या खेड्यांत पसरलेले. कुणब्याची बाई दुपारी कातायची, मुसलमान घरातली पडद्याआडची बाई कातायची, ब्राह्मणाच्या घरातली विधवा कातायची, महारवाड्यातली म्हातारी कातायची. ज्यांना एका पाणवठ्यावर येऊ दिलं जात नव्हतं त्यांचं सूत एकाच लुगड्यात शेजारी शेजारी विणलं जात होतं. मिळकत थोडी, मीठ-मिरचीपुरती, एखाद्या वेळी चोळीच्या खणापुरती. पण ती तिची स्वतःची होती. नवरा मेला, पीक गेलं, मुलगा फौजेत जाऊन परतलाच नाही, तरी चरखा होता. सगळ्या पेठेत बाईच्या हातात थेट पैसा देणारं याच्याएवढं पसरलेलं दुसरं काम मला दिसत नाही.

कड हातात आहे ना? धरून ठेवा.

आता १८०३ चा सप्टेंबर. पेठेत बातम्या येताहेत. २ सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला जवळच बदनापूरला आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले, दोन वाटांनी जाऊन शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर एकदम चालून जायचं असा बेत ठरला. २३ तारखेला वेलस्ली एकटाच त्या फौजेसमोर येऊन ठेपला. असईची लढाई ती. त्याच्या बाजूची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जायबंदी झाली, समोरच्या बाजूची त्याहून जास्त. आपल्याला लढाईत शिरायचं नाही. तिच्या आधीच्या काही क्षणांपाशी थांबायचं आहे.

मधे केळणा नदी. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं की पुढे नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं तर्क केला की इतक्या जवळ समोरासमोर वसलेल्या दोन गावांत येण्याजाण्याची वाट असणारच. माणसं पाठवून खात्री केली. उतार होता. तिथून फौज पार झाली आणि दख्खनेच्या राजकारणाची दिशा पालटली.

ही गोष्ट सेनापतीच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला तिच्यात ती वाट दिसते. ती कोणी पाडली होती? वरूडची लेक पिंपळगावात दिलेली असेल, ती सणाला माहेरी यायची. कुंभार गाढवावर मडकी घेऊन पलीकडे जायचा. कोणाची म्हैस रोज त्याच जागी पाण्यात उतरायची. बाजाराला निघालेला माणूस डोक्यावर बोचकं घेऊन गुडघाभर पाण्यातून पाय चाचपत जायचा, मागून येणारा त्याच्या पायांवर पाय ठेवायचा. वर्षानुवर्षं हेच. नकाशात ती वाट नव्हती. रोजच्या कामानं ती नदीच्या तळात तयार झाली होती, आणि त्या दिवशी तोफांचे बैल तिच्यावरून गेले. त्या वाटेवर मनानं उभे राहा. पाणी पोटरीला लागू द्या. सैन्य येण्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे आणि एक बाई डोक्यावर सरपण घेऊन घरी निघाली आहे. तिला जाऊ द्या, घाई करू नका.

लढाईमागोमाग १८०३-०४ चा दुष्काळ आला. दख्खनेत माणसं गावं सोडून गेली. मग पेंढाऱ्यांची वर्षं. तरीही पेठ उठून पुन्हा बसली. ज्यांच्याजवळ जातं, चरखा आणि घाणा होता त्यांना पुन्हा सुरुवात करायला मस्तगडातल्या कोणाची परवानगी लागली नाही.

आता एक लांबची उडी घेऊ. याच वर्षांत इंग्लंडातल्या एखाद्या बाजाराच्या गावीही अशीच सकाळ होत होती. नालबंद, खोगिरं शिवणारा, मेणबत्त्या ओतणारा, पाव भाजणारा, आठवड्याच्या बाजाराला गाडीतून लोणी-अंडी घेऊन येणाऱ्या शेतकरणी. आणि त्यांच्याही घरांत, त्याच्या थोडं आधीपर्यंत, चरखे. तिथले चरखे आपल्या आधी बंद पडले. पाण्यावर आणि वाफेवर चालणाऱ्या चात्या आल्या, शेकडो धागे एकदम काढू लागल्या. १८११ मध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात मोजे विणणारे कारागीर रात्री जमून मालकांचे साचे फोडू लागले. १८२६ मध्ये लँकेशायरात वाफेचे माग फोडले गेले. फोडणाऱ्यांना पकडून शिक्षा झाल्या. म्हणजे त्यांचं दुःख निदान खटल्यांच्या कागदांत तरी उतरलं.

१८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापारावरचा कंपनीचा मक्ता संपला. त्या गिरण्यांचं सूत बोटींनी मुंबईला आणि तिथून बैलांच्या पाठीवर वर चढू लागलं. एकसारखं, न तुटणारं, स्वस्त. साळ्याला ते बरं वाटलं, आणि त्यात त्याचा काय दोष? पांजणाच्या वेळी धागे तुटायचे थांबले. माग काही दशकं चालू राहिले. उलट दिशेनं कापूस निघाला. १८२५-२६ मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी वऱ्हाडातला कापूस मुंबईला धाडला तेव्हा पहिल्या खेपेला ५०० बैल लागले. त्या बैलांच्या पाठीवरचा कापूस पूर्वी कोणाच्या अंगठ्यात आणि तर्जनीत गेला असता ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

चरखा एका दिवशी थांबला नाही. आधी आठवड्याचे पैसे थोडे कमी मिळाले. मग बारीक सुताला गिऱ्हाईक राहिलं नाही, जाडंभरडं तेवढं खपू लागलं. मग साळी म्हणाला, मावशी, आता नको. तिनं कोणाचा साचा फोडला नाही. चरखा तिच्याच घरातला होता, तो माळ्यावर गेला. तिच्या कामाची नोंद आधी नव्हती, त्यामुळे ते गेल्याचीही झाली नाही. जकात कमी झाली नाही, महसूल कमी झाला नाही, सनद रद्द करावी लागली नाही. मस्तगडातल्या हिशेबात त्या वर्षी काहीच कमी पडलं नसेल. घरात मात्र मीठ-मिरचीला नवऱ्याकडे, मुलाकडे, दिराकडे हात पसरावा लागू लागला. नवरा नसलेल्या बाईनं काय केलं असेल याचा विचार करा. दुसऱ्याचं दळण घेतलं असेल. शेतावर रोजानं गेली असेल. भावाच्या दारात जाऊन राहिली असेल. यांतल्या प्रत्येक वाटेवर तिच्यासोबत थोडं चालून या. सोडवायला नाही, नुसतं सोबतीला.

हात दुखला असेल तर खाली ठेवा. कापड सोडलंत तरी चालेल.

मग दीडशेएक वर्षांच्या घडामोडी भराभर जाऊ द्या. छावणी १९०३ मध्ये उठली. रेल्वेबरोबर सरकी काढायच्या आणि गठ्ठे दाबायच्या गिरण्या आल्या. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, १ मे १९८१ ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. आणि मधे १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, तेव्हापासून जालन्याचं नाव बियाण्यासाठी देशभर घेतलं जाऊ लागलं.

संकरित कपाशीचं बी यंत्रानं तयार होत नाही. संध्याकाळी मादी वाणाच्या ओळीतली, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल घेऊन त्याचे पराग तिथे लावायचे. मग पुढची कळी. मोसमभर एकेका शेतात अशा हजारो कळ्या, आणि हे काम करतात त्या बहुतेक बाया आणि मुली, रोजानं. कापूस पुन्हा अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे आहे. बियाण्याच्या पाकिटावर वाणाचं नाव असतं, लॉट क्रमांक असतो, उगवणीची टक्केवारी असते, किंमत असते. पुढच्या वेळी असं पाकीट हातात आलं तर ते उघडण्याआधी थोडं थांबा आणि ती सकाळची वेळ, ती ओळ, ते नख डोळ्यांपुढे आणा. आणि कोणा बीजोत्पादकाशी ओळख असेल तर विचारा, यंदा रोज काय दिला.